स्कोप उतरवल्यानंतर जुन्या रिव्हॉल्व्हरवर मूळ साईट परत बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एका जुन्या परवानाधारकाकडून आपण रीतसर हस्तांतराने सहा इंची नळीचे, .२२ लाँग रायफल काडतुसाचे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेतले. त्याच्यावर आधीच्या मालकाने स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवलेला आहे, मागची साईट (नेम धरण्यासाठीचे खाचेचे पाते) जागेवर नाही, आणि पुढची माशी (नळीच्या तोंडावरचा नेमाचा उंचवटा) खुजी दिसते. आपल्याला २५ मीटरच्या स्पर्धेत उतरायचे आहे आणि तिथे स्कोप चालत नाही. तेव्हा मागची साईट मागवून बसवली की काम होईल का, आणि माशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या टर्नरकडून करून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. शस्त्रागारात आर्मरर म्हणून आणि नंतर परवानाधारक दुरुस्ती दुकानात अशाच हत्यारांवर काम केलेले असल्यामुळे मी थोडे विस्ताराने लिहितो.

टर्नरबद्दलचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे: नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्याच कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. टर्नरचा हात कितीही चांगला असला तरी आपले हत्यार त्याच्या लेथवर ठेवले गेले, तर अडचणीत आपण दोघेही याल. काम परवानाधारक दुरुस्ती दुकानातच द्या, सोबत स्वतःचा परवाना न्या, हत्यार जमा केल्याची अनुक्रमांकासह पावती घ्या आणि काम झाल्यावर हत्यार स्वतः जाऊन परत घ्या. त्या मुदतीत निवडणुकीची आचारसंहिता लागून शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाला, तर हत्यार कुठे आहे हे सांगायला ती पावतीच उपयोगी पडते. पुढे मी जे लिहितो ते आपण स्वतः कानस घेऊन बसावे म्हणून नाही. कारागिराला नेमके काय सांगायचे आणि त्याने केलेले काम कसे तपासायचे, एवढे आपल्याला कळावे हा त्यामागचा हेतू आहे.

आता मुख्य मुद्दा. मागची साईट आधी मागवण्याची घाई करू नका. जुन्या स्कोपवाल्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत बहुतेक मालक हेच करतात, कारण मागची जागा रिकामी दिसते आणि रिकामी जागा आधी डोळ्यांत भरते. परंतु मागची साईट हा तयार मिळणारा, वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारा भाग आहे, तर पुढच्या माशीची उंची एकदा ठरली की ती तेवढीच राहते. शिवाय मागच्या साईटचे पातेही एकाच उंचीचे नसते. त्याच कंपनीच्या त्याच आकाराच्या फ्रेमसाठी कमी-अधिक उंचीची पाती निघालेली आहेत. पुढे किती उंचीची माशी आहे किंवा बसणार आहे हे कळल्याशिवाय मागचे पाते मागवले, तर ते पूर्ण खाली उतरवूनही गोळ्या वर लागतात किंवा पूर्ण वर चढवूनही खाली लागतात. मग त्या पात्यासाठी निर्दोष माशी घासली जाते, आणि एवढ्या वर्षांत आधीच्या मालकानेही न केलेले नुकसान तिथे होते. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणे बंद झाल्यामुळे अशी हत्यारे आपल्याकडे मोजकीच उरली आहेत. त्यांच्यावर कानस मारण्यापूर्वी दोनदा मोजलेले बरे.

म्हणून पहिले काम स्कोप आणि त्याला धरून ठेवणारा माउंट उतरवून खाली काय आहे ते पाहण्याचे आहे. सिलिंडर बाहेर काढून सहाही घरे रिकामी असल्याची बोट फिरवून खात्री करा आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नका. हे सांगितल्याशिवाय मी कोणालाही पुढचे सांगत नाही. माउंटचे स्क्रू बहुधा लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून घट्ट केलेले असतात. निळे लॉकटाइट हाताच्या जोराने सुटते. लाल लावलेले असेल तर ते साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय सैल होत नाही, आणि तेव्हा गॅसची ज्योत धरण्याचा मोह टाळायला हवा. ज्योतीने काळ्या पॉलिशचा रंग उडतो आणि फ्रेमचा वरचा पट्टा नको तिथे तापतो. सोल्डरिंगच्या कावियाचे टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर काही वेळ टेकवून ठेवले की पुरते. स्क्रू-ड्रायव्हर नेहमीचा, टोकाकडे निमुळता होणारा घेऊ नये. ज्याचे पाते दोन्ही बाजूंनी समांतर आहे आणि खाचेची पूर्ण लांबी-रुंदी भरते, तोच घ्यावा. खाच फाटलेला स्क्रू काढणे हे साईट बसवण्यापेक्षा मोठे काम होऊन बसते.

माउंट निघाला की वरच्या पट्ट्यावरची भोके पाहावीत. या घराण्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये कारखान्यातून मागच्या साईटच्या पट्टीच्या पुढच्या टोकाशी एकच आटे पाडलेले भोक येत असे. नंतरच्या काळात स्कोपची सोय म्हणून साईटच्या पट्टीखालीच जादा भोके पाडून हत्यारे बाजारात येऊ लागली. तेव्हा जादा भोके दिसली म्हणजे कोणीतरी हत्यार बिघडवले असे लगेच समजू नये. त्यांची ओळ सरळ आहे का, आटे स्वच्छ आहेत का आणि ती मूळ साईटच्या पट्टीखाली पूर्ण झाकली जातात का, हे पाहावे. झाकली जात असतील तर त्यांत बिनडोक्याचे छोटे भरण-स्क्रू बसवून पट्ट्याशी समपातळीत ठेवणे एवढेच करायचे असते. ती वेल्डिंगने भरण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या. सिलिंडरच्या वरून जाणारा तो पट्टा प्रत्येक बाराचा ताण सोसतो, आणि त्याला स्थानिक उष्णता देऊन पोलादाची जात बदलणे हा फायद्याचा सौदा नाही.

नळीवर भोके असतील तर मात्र काळजी वेगळ्या प्रकारची आहे. भोकाची खोली मोजून घ्यावी, आणि त्याच जागी नळीच्या आतून उजेडात पाहावे. आतल्या भिंतीवर फुगवटा, गोल सावली किंवा चिरेसारखी रेघ दिसली, तर साईटचा विषय तिथेच थांबवावा आणि ते हत्यार गोळीबारासाठी अयोग्य समजावे. आपल्या वर्णनावरून आपल्याकडचा माउंट मागच्या साईटच्या जागेवर बसणारा आहे, म्हणून नळीला हात लागलेला नसण्याची शक्यता अधिक आहे. तरी पाहणे सोडू नका.

माउंटखालचा भाग बहुधा उरलेल्या हत्यारापेक्षा वेगळ्या रंगाचा निघतो. काही ठिकाणी पॉलिश नव्यासारखे असते आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षे अडकलेल्या घामाचे गंजाचे ठिपके असतात. सोलापूरची हवा कोरडी आहे हे खरे, पण एप्रिल-मेच्या उन्हात हाताचा घाम आणि बारीक धूळ मिळून जे होते ते कोकणातल्या दमटपणापेक्षा फार वेगळे नसते, आणि चामड्याच्या बंद कव्हरमध्ये हत्यार महिनोन् महिने ठेवण्याची आपल्याकडची सवय त्यात भर घालते. तेल लावून अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने हलक्या हाताने गंज उचलावा आणि ठिपके पूर्ण जात नाहीत म्हणून खरवडत बसू नये. संपूर्ण हत्यार पुन्हा काळे करून घ्यायचेच ठरवले, तर पॉलिश करताना अनुक्रमांक आणि खुणा पुसट होणार नाहीत हे कारागिराला लेखी सांगा. ओळखचिन्ह पुसणे किंवा बदलणे हा कलम ८ चा विषय आहे, आणि ते निष्काळजीपणाने झाले हे सिद्ध करणे आपल्यालाच जड जाईल.

आता माशी. ती खुजी दिसते असे आपण म्हणता, पण खुजी दिसणे आणि खुजी केलेली असणे यांत फरक आहे. स्कोप इतका उंच बसलेला असतो की त्याच्याखाली कोणतीही माशी लहानच वाटते. भिंगातून तिचा वरचा माथा पाहा. कारखान्याची माशी असेल तर माथा सपाट, कडा धारदार आणि मागच्या पृष्ठावरचा रंग सारखा दिसेल. घासलेली असेल तर माथ्यावर कानशीचे आडवे ओरखडे किंवा नंतर लावलेल्या थंड रसायनाचा निळसर-करडा डाग दिसेल. नंतर माशी जिच्यावर उभी असते त्या बैठकीच्या बाजूला आडवी पिन आहे का ते पाहा. पिन असेल तर माशीचे पाते बैठकीच्या खाचेत बसवून पिनने अडकवलेले आहे, आणि नवे पाते बसवणे हे मर्यादित काम आहे. पिन नसेल आणि पाते बैठकीसह एकाच धातूचे असेल, तर काम कठीण आहे. पाते मुळात घासलेले नसेल तर अर्थातच काहीच करायचे नाही, आणि मला हीच शक्यता सर्वांत आवडेल.

पिनवाल्या प्रकारात नवे पाते कसे बसवावे याची एक पद्धत आहे, जी चांगला कारागीर आपण न सांगताही पाळतो. जुनी पिन योग्य मापाच्या पंचने, नळीला खालून आधार देऊन काढायची आणि नवे बिनभोकाचे पाते खाचेत घट्ट बसेल इतके घासायचे. मग बैठकीच्या भोकातून पात्यावर खूण करून पात्यातले भोक त्या खुणेपेक्षा अगदी किंचित, शतांश मिलिमीटरच्या हिशेबात, वर पाडायचे. पिन आत गेली की ती पात्याला खाली ओढून बैठकीवर दाबून धरते आणि पाते कधी हलत नाही. भोक बरोबर खुणेवर पाडले तर पाते बसते, पण पुढे बारीक खुळखुळ सुरू होण्याची भीती राहते, आणि ती कागदावर गोळ्यांच्या विखुरण्यातून दिसते तेव्हा दोष काडतुसांना दिला जातो.

एकसंध माशी घासून टाकलेली असेल तर नवे पाते डागाने (सोल्डरने) जोडण्याचा विचार पुढे येतो. चांदीचा डाग मजबूत असतो, पण त्याला सहाशे अंशांच्या वर तापमान लागते आणि नळीच्या तोंडाशी एवढी उष्णता देणे मला मान्य नाही. कथिलाच्या मऊ डागाला त्यापेक्षा फार कमी उष्णता लागते आणि .२२ च्या नाममात्र धक्क्याला तो टिकतो. मात्र तो लावल्यानंतर त्या नळीला गरम क्षारांच्या द्रावणातले काळे पॉलिश करता येत नाही, कारण ते द्रावण कथिल आणि शिसे खाऊन टाकते. दुनळी बंदुकांच्या मधल्या पट्ट्या याच कारणाने अशा कढईत सुटतात. पॉलिश आधी की माशी आधी, हा क्रम म्हणून आधीच ठरवावा लागतो. माझे मत विचाराल तर बैठकीच्या उरलेल्या धातूत अरुंद खाच कापून पिनचे पाते बसवणे, म्हणजे एकसंध माशीचे पिनच्या माशीत रूपांतर करणे, हा सर्वांत कमी उष्णतेचा आणि पुढे दुरुस्त करता येणारा मार्ग आहे. ते मूळ स्वरूप नव्हे, हे खरे, पण नेम धरताना डोळ्याला फरक कळत नाही.

उंचीचा हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करून पाहिला तर कारागिराशी बोलणे सोपे जाते. मागच्या खाचेपासून माशीपर्यंतचे अंतर आपल्या हत्यारावर मोजा. समजा ते १९० मिलिमीटर निघाले. २५ मीटरवर गोळी हव्या त्या जागेपासून जितके मिलिमीटर दूर लागते, त्या आकड्याला १९० ने गुणून २५,००० ने भागायचे. गोळ्या १०० मिलिमीटर खाली लागत असतील तर उत्तर ०.७६ मिलिमीटर येते, म्हणजे माशी तेवढी कमी करायची किंवा मागचे पाते तेवढे वर न्यायचे. दिशेचा गोंधळ अनुभवी माणसांचाही होतो. मागचे पाते ज्या दिशेला न्याल त्या दिशेला गोळ्या जातात आणि माशीचे नेमके उलट असते: माशी उंच केली की गोळ्या खाली, कमी केली की वर. याच हिशेबाने माशीवरचा एक दशांश मिलिमीटर २५ मीटरवर सुमारे १३ मिलिमीटरचा फरक पाडतो, आणि तिथल्या निशाण्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. कानशीचे दोन-चार हात जास्त पडले तर काय होईल ते यावरून लक्षात येईल. म्हणून नवे पाते अपेक्षेपेक्षा साधारण एक मिलिमीटर उंच ठेवून बसवावे आणि अंतिम उंची रेंजवरच ठरवावी.

इथे एक फसगत मुद्दाम सांगायला हवी. त्याच फ्रेमच्या, त्याच लांबीच्या नळीच्या, पण मोठ्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरची माशी मिळाली तर ती आपल्याला चालेलच असे नाही. बार होताना गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच हत्यार वर उचलले जायला सुरुवात होते, आणि तो उचल भरून काढण्यासाठी मोठ्या काडतुसाच्या हत्यारांवर माशी उंच दिलेली असते, म्हणजे नेम धरलेला असताना नळी किंचित खाली पाहत असते. .२२ मध्ये हा उचल नगण्य असल्यामुळे तिथली उंच माशी आपल्या हत्यारावर गोळ्या खाली नेईल. मॉडेलचे नाव जुळते म्हणून भाग घेऊ नये, माप जुळते म्हणून घ्यावा.

माशीची उंची निश्चित झाली की मागच्या साईटकडे यावे, आणि खरे सांगायचे तर आता फार काही उरलेले नसते. साईटची पट्टी पुढच्या टोकाशी एका स्क्रूने धरलेली असते आणि मागच्या टोकाला, उंचीच्या स्क्रूखाली, इंग्रजी टी अक्षरासारखा पाय फ्रेममधल्या तशाच खाचेत सरकून बसतो. ती सरकवूनच बसते, ठोकून नव्हे. पट्टीच्या पुढच्या टोकाचा आकार जुन्या आणि नव्या घडणीत वेगळा आहे, तेव्हा फ्रेमवरची खाच पाहून मागवावी. डावीउजवीकडे सरकवणारा स्क्रू कारखान्यात टोकाशी असा पक्का केलेला असतो की तो सोडवताना बहुधा तुटतोच, म्हणून पाते बदलायचे असेल तर पाते, स्क्रू, नट आणि स्प्रिंगसह पूर्ण संच मागवावा. उंचीचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की पाते खाली जाते. रूगरच्या रिव्हॉल्व्हरची मागची साईट आडव्या पिनवर झुलते आणि तिच्याखाली स्प्रिंगा असतात, म्हणून रूगरवाल्या मित्राचा सल्ला इथे लागू पडणार नाही.

खाच आणि माशी यांच्या रुंदीचे नातेही पाहा. मूळ माशी बहुधा ३.२ मिलिमीटर रुंद असते. हात पुढे ताणल्यावर डोळ्यापासून माशी सुमारे ८४ सेंटिमीटरवर आणि खाच सुमारे ६५ सेंटिमीटरवर येते असे धरले, तर तेवढ्याच रुंदीच्या खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना तिच्या रुंदीच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी उजेडाची फट दिसते. तरुण डोळ्यांना ती पुरते, पन्नाशीनंतर बहुतेकांना पुरत नाही. खाच रुंद करण्यापेक्षा, नवे पाते करायचेच असेल तर त्याचा वरचा भाग २.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, फट जवळपास चौथ्या हिश्शाएवढी होते आणि मागची मूळ साईट अबाधित राहते.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर आधीच्या मालकाने स्कोप का चढवला असेल याचाही विचार करा. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरवर स्कोप चढतो तो मुख्यतः शिकारीसाठी आणि दूर अंतरावर धातूच्या आकृत्या पाडण्याच्या खेळासाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे कारणच उरलेले नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण वयानुसार माशी अंधूक दिसणे हेच असते. आपल्यालाही ती अंधूक दिसत असेल तर त्याचा उपाय हत्यारात नाही. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर टेपने मोजून नेत्रतज्ज्ञाला सांगा आणि त्या अंतरासाठी एका डोळ्याची काच करून घ्या. निशाणा थोडा धूसर दिसला तरी चालतो, माशीची कड धूसर दिसलेली चालत नाही.

नव्याने घासलेला माथा चमकतो आणि उन्हात ती चमक नेम चुकवते. थंड रसायनाने काळे करता येते, पण स्पर्धेच्या दिवशी कापराच्या काजळीला तोड नाही. कापूर पेटवून त्याच्या धुरावर माशी क्षणभर धरली की मखमली काळा थर बसतो. हत्यार रिकामे, तेल पुसलेले आणि काडतुसे दूर असतील तरच हे करावे.

रेंजवर जाण्यापूर्वी काडतूस ठरवा आणि पुढे तेच वापरा, कारण कमी वेगाचे आणि जादा वेगाचे .२२ एकाच जागी लागत नाही. गोळीबार परवानाप्राप्त रेंजवरच व्हायला हवा. सोलापुरातून पुण्याच्या बालेवाडीची फेरी पडली तरी ती शेतावरच्या बांधापेक्षा स्वस्त पडते. वाळूच्या पिशवीवर हात टेकवा, नळी टेकवू नका, कारण नळी टेकवून लावलेला नेम हातात घेतल्यावर बदलतो. पाच-पाच गोळ्यांचे गट मारा, एकेका गोळीवर स्क्रू फिरवू नका, आणि मागची साईट तिच्या हालचालीच्या मध्यावर ठेवून मगच माशी घासायला द्या, म्हणजे पुढे काडतूस बदलले तरी वरखाली दोन्हीकडे जागा उरते. नेम कुठे धरणार हेही आधीच ठरवा. २५ मीटरच्या अचूक नेमबाजीच्या निशाण्यावरचे काळे वर्तुळ २०० मिलिमीटरचे आहे, आणि बहुतेक नेमबाज त्याच्या खालच्या कडेखाली पांढऱ्यात माशी ठेवतात, म्हणजे गोळी नेमापेक्षा दहा सेंटिमीटर किंवा थोडी अधिक वर लागायला हवी. हे न सांगता माशी घासायला दिली तर कारागीर गोळी माशीच्या टोकावर आणून देईल आणि त्याची चूकही नसेल.

स्पर्धेच्या नियमांत नळीची लांबी १५३ मिलिमीटरपर्यंत, दोन साईटमधले अंतर २२० मिलिमीटरपर्यंत आणि .२२ च्या प्रकारांत चापाचे वजन (चाप ओढायला लागणारा जोर) किमान १००० ग्रॅम अशी बंधने आहेत. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, तेव्हा लांबीत आपले हत्यार बसते, पण चापाचे वजन वजनमापाने तपासून घ्या, कारण जुन्या मालकाने स्कोपसोबत चापही हलका करून घेतलेला असू शकतो. उतरवलेला स्कोप, माउंट आणि त्याचे सर्व स्क्रू एका डबीत चिठ्ठी लावून हत्याराच्या कागदपत्रांजवळ ठेवा. उद्या ते हत्यार तिसऱ्या हाती गेले तर भोके का आहेत याचे उत्तर त्या डबीत असेल, आणि मागची मूळ पट्टी आधीच्या मालकाच्या कपाटात अशाच एखाद्या डबीत पडलेली असण्याची शक्यता आहे, म्हणून काहीही मागवण्यापूर्वी त्यांना एक फोन करून विचारा.